पोर्ट ८०९६

१

शोकेसमध्ये समई आणि सत्काराची ट्रॉफी यांच्यामध्ये एक काळी डबी बसली आहे: घरच्या सिनेमा-गाण्यांचा सर्व्हर. आत इंटेलची एन१०० चिप, चार कोअर, कागदावर सहा वॉट. शेजारी चार टीबीची डिस्क. आईने दुसऱ्याच दिवशी दोन्हींवर क्रोशाचा रुमाल घातला. तापमान चढलं. रुमाल काढला. संध्याकाळी पुन्हा होता.

२

दहा वॉट, चोवीस तास, तीस दिवस: ७.२ युनिट. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप याच कामाला जुंपला तर, साठ वॉट धरून, ४३.२. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांवर दराची पायरी आहे आणि आमचं घर उन्हाळा सोडला तर पायरीच्या अलीकडे असतं. जुना संगणक फुकट असतो तो इतपतच.

३

डिस्कची केबल तापकीर गल्लीतून. दुकानदाराने विचारलं, "सीसीटीव्हीसाठी का?" नाही. "मग ऑफिसचं काम?" तेही नाही. पुढे त्याने विचारलं नाही.

४

व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला. कंटेनर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड: दार आपलं, चूल आपली, पण नळ सगळ्यांत एक. नळ म्हणजे लिनक्सचं कर्नल. शेजारचं बिऱ्हाड दिसू नये ही सोय नेमस्पेसची. कुणी किती पाणी भरायचं हा हिशेब सीग्रुपचा. आमच्या वाड्यात सध्या चौघे राहतात: सिनेमांसाठी जेलीफिन, गाण्यांसाठी नॅव्हिड्रोम, फोटोंसाठी इमिच आणि वाचून दाखवलेल्या पुस्तकांसाठी ऑडिओबुकशेल्फ. कुणाला कुणाचा पत्ता नाही.

(इमिचबरोबर त्याचा डेटाबेस आणि आणखी दोघं येतात. त्यांना धरलेलं नाही. पूर्वीही धरत नसत.)

५

'सीएचरूट', म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमला डिस्कचा एक कोपरा दाखवून तेच सगळं जग आहे असं भासवण्याची युक्ती, युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. सीग्रुपवर गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये काम सुरू केलं. जानेवारी २००८ मध्ये ते २.६.२४ या कर्नलमध्ये दाखल झालं. मार्च २०१३ मध्ये सॅन्टा क्लारा इथे पायकॉनमध्ये सॉलोमन हाइक्स यांना बोलायला पाच मिनिटं मिळाली. त्यांनी कंटेनर चालवणारं डॉकर दाखवलं.

६

कंटेनर हे नाव बंदरातलं.

२६ एप्रिल १९५६: माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं.

१९६९: ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा माथाडी कायदा.

२६ मे १९८९: न्हावा शेवा बंदर सुरू.

७

सगळं बिऱ्हाड डॉकरच्या एका कम्पोज फाइलीत मावतं. नाव काय, कुठून आणायचं, पोर्ट कुठलं, वीज जाऊन आली तर आपणहून उठायचं का. जेलीफिनच्या वाट्याला वीसेक ओळी. त्यातली खरी ओळ ही: डावीकडे आपल्या डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता, मग दोन टिंबं, मग तेच फोल्डर कंटेनरला ज्या नावाने दिसेल ते, पुन्हा दोन टिंबं आणि शेवटी 'आरओ'. आरओ म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही. ज्या घरात मुंजीच्या कॅसेटवर शारजाची मॅच टेप झाली आहे, त्या घराला ही दोन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत.

८

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी खिटी असे. ती मोडली की त्यावर पुन्हा टेप होत नसे. मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली की पुन्हा होई. मुंजीच्या कॅसेटवर सेलोटेप आहे.

मॅच कुणी टेप केली, हा विषय दिवाळीला काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

९

जेलीफिनचा कंटेनर पुसून टाकला. एका आज्ञेत नवा आला. कुणी काय पाहिलं त्याच्या खुणा, सगळ्यांचे पासवर्ड, बाबांनी 'किल्ला' जिथे थांबवला ते मिनिट: सगळं जागेवर. कारण ते आत कधी नव्हतंच, बाहेरच्या 'कॉन्फिग' फोल्डरमध्ये होतं.

१०

कम्पोज फाइल वायएएमएल पद्धतीत लिहितात. तीत ओळ आत घ्यायला टॅब चालत नाही. स्पेसच हवी.

पोर्टचे आकडे अवतरणचिन्हांत घाला, असं डॉकरची कागदपत्रं बजावतात. जुन्या नियमानुसार मध्ये दोन टिंबं असलेले काही आकडे साठाच्या हिशेबाने वाचले जातात. २२:२२ लिहावं तर यंत्र १३४२ वाचतं. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस. पंचांगवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

त्याच नियमात नॉर्वे देशाचं दोन अक्षरी चिन्ह 'नाही' असं वाचलं जातं. नॉर्वेकरांनी काय करावं याची सोय: तेही अवतरणात.

११

टाइमझोनच्या ओळीत, पुण्यात बसून, 'एशिया/कोलकाता' लिहायचं. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने आपली स्वतंत्र वेळ, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढची, पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती. यादीत मुंबई नाही.

१२

कंटेनरला नाव दिलं नाही तर डॉकर स्वतः देतं: एक इंग्रजी विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं किंवा संगणकवाल्याचं आडनाव. यादीत रामानुजन आहेत, भाभा आहेत, विश्वेश्वरय्या आहेत, आर्यभट आहेत, पाणिनी आहेत. त्यामुळे 'हंग्री_भाभा' किंवा 'स्लीपी_पाणिनी' निघू शकतात. फक्त 'बोअरिंग_वॉझनियॅक' कधीच निघत नाही. ॲपलच्या स्टीव्ह वॉझनियॅकना कंटाळवाणं म्हणता येणार नाही, अशी टीप आणि तशी अट खुद्द प्रोग्रॅममध्ये लिहिलेली आहे.

पाणिनींसाठी अशी अट नाही.

१३

कंटेनर जिच्यातून उभा राहतो त्या डॉकर प्रतिमेवरची 'लेटेस्ट' ही नुसती चिठ्ठी आहे. ती चिकटवलेली प्रतिमा सर्वांत नवी असेलच, अशी हमी कुणी दिलेली नाही. 'ताजे वडे' ही पाटीही तशी कायमचीच रंगवलेली असते.

१४

"परमिशन डिनाइड." फाइल कुणाची हे पाहताना कर्नलला नाव कळत नाही, आकडा कळतो. मी १०००.

१५

दुकानात परत मिळणारी गोष्ट आणि न मिळणारी गोष्ट, अशी डिस्कची दोन फोल्डरं केली. पहिल्यात साडेतीनशे जीबी भरले. दुसऱ्यात काय टाकायचं यावर घरात अजून एकमत नाही.

१६

व्हीएचएस. डिस्कवर उतरवायला कॅसेट जितक्या तासांची तितकेच तास लागतात. घाई करायला जागा नाही. माळ्यावर पुण्याच्या पावसातसुद्धा फितीवर पांढरी बुरशी धरते, कोकणातल्या घरांचं विचारू नये. बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला लागते आणि हेडवरून पुढच्या कॅसेटला. आधी फीत साफ, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड साफ, मग प्ले.

चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला पंचवीस फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. जुन्या टीव्हीला ते चाले. आजच्या पडद्यावर कुणी हात हलवला की हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. सगळ्यात जास्त दात अक्षता टाकताना. एफएफएमपेग या प्रोग्रॅममधला 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर लावला की दात जातात आणि पंचवीसच्या पन्नास फ्रेम होतात. अक्षता पहिल्यांदाच तांदळासारख्या दिसल्या.

कोपऱ्यात तारीख आहे: १ जानेवारी. लग्न मे महिन्यातलं. व्हिडिओवाल्याने कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नव्हतं.

१७

व्हिडिओवाल्याने सबंध पंगतीवर सिनेमाची गाणी चढवली आहेत. खरे आवाज गेले. एके ठिकाणी गाणं संपून दुसरं लागेपर्यंत फट राहिली आहे. त्यात आजोबा कुणाला तरी म्हणतात, "मठ्ठा इकडे आलाच नाही."

१८

वराच्या आईचा चेहरा कमळात उमलतो. हा इफेक्ट कुठल्याही आधुनिक प्रोग्रॅममध्ये सापडला नाही.

१९

'आलम आरा' (१९३१), भारतातला पहिला बोलपट. एकही प्रत शिल्लक नाही.

वहिनीच्या डोहाळजेवणाच्या चार प्रती आहेत.

२०

लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पाटी दिसते. १९६४ साली स्थापन. पी. के. नायर यांनी ते अक्षरशः दारोदार फिरून उभं केलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चार रिळांच्या चित्रपटाचा काही भागच हाती राहिला आहे, आणि तोही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा असावा असं काही अभ्यासक मानतात. जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. ती स्वतःचा ऑक्सिजन स्वतः पुरवते.

आमच्या डिस्कच्या खोक्यावर लिहिलं आहे: हमी ३ वर्षं.

२१

'श्यामची आई'चं फोल्डर नुसत्या नावाने केलं. सर्व्हरने २०२३ च्या चित्रपटाचं पोस्टर आणलं. कंसात १९५३ लिहिलं तेव्हा अत्र्यांची 'श्यामची आई' आली, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेली. पोस्टर करड्या रंगात, कोपरा फाटलेला. कुणीतरी कुठेतरी स्कॅन करून चढवलेलं. कोण ते कळायला मार्ग नाही. आभार.

२२

'कोर्ट' आणि 'किल्ला': पुण्याच्या थिएटरात २०१५ साली लागले. याद्यांमध्ये २०१४, कारण एक आधी व्हेनिसला दाखवला गेला आणि एक बर्लिनला. फोल्डरवर पुण्याचं वर्ष लिहायचं की व्हेनिसचं?

'उंबरठा' आणि 'सुबह': दिग्दर्शक तेच, स्मिता पाटील त्याच, गोष्ट तीच. सर्व्हर विचारतो, एक चित्रपट की दोन?

२३

'होम व्हिडिओ' असा वेगळा प्रकार न निवडता लग्न चुकून सिनेमांच्या फोल्डरमध्ये राहिलं तर सर्व्हर दिग्दर्शक शोधायला जगाच्या यादीत जातो. आत्याच्या साखरपुड्याला त्याने एक कोरियन थरारपट चिकटवला. कथासार वाचून आत्या म्हणाली, "राहू दे."

२४

लिनक्सवर ईएक्सटी४ डिस्कवर फाइलीच्या नावाला २५५ बाइट. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरी तीन बाइटचं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचा प्रत्येकी वेगळा हिशेब. 'ज्ञ' दिसायला एक, जागा नऊ बाइटची. 'ज्ञानेश्वरी' तेहतीस. म्हणजे नावात फार तर पंच्याऐंशी चिन्हं. धाकट्या काकांनी फोल्डरला निमंत्रणपत्रिकेचा मजकूर नाव म्हणून दिला होता, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून. नाव फार लांब आहे, असं यंत्राने कळवलं. काका म्हणाले, "मग कुलस्वामिनी काढ. पण वधूपित्याचं नाव राहिलं पाहिजे."

२५

यादीत 'वाऱ्यावरची वरात' दोनदा. अक्षर न् अक्षर तेच. एक फोल्डर विंडोजवरून आलेलं, एक जुन्या मॅकवरून. मॅकच्या जुन्या फाइल पद्धतीत 'ऱ' हे एक चिन्ह राहत नाही. 'र' आणि खाली टिंब, अशी दोन होतात. डोळ्यांना एक, लिनक्सला दोन. 'दुसऱ्या', 'बिऱ्हाड', 'तऱ्हा', 'सातारा-कऱ्हाड' या सगळ्यांवर ही वेळ येऊ शकते. 'सातारा' एकटा असता तर सुटला असता.

२६

एमपी३ फाइलीत गाण्याची माहिती ठेवायची पहिली पद्धत, आयडी३, १९९६ सालची. गाण्याच्या नावाला तीस बाइट आणि संगीताचे ठरावीक ऐंशी प्रकार. त्यात पोल्का आहे. लोकसंगीत नव्हतं, ते पुढे विनॅम्पने घातलं. भावगीत, नाट्यगीत, अभंग, लावणी: नाही.

नाट्यगीताला 'कलाकार' कोण? मूळ नाटकात गायलेले, की पुढच्या पिढीत गाजवलेले, की कॅसेटवर ज्यांचा फोटो आहे ते? आमच्या नॅव्हिड्रोममध्ये एकच पद पाच गळ्यांतून आहे आणि पाचही वेळा 'अल्बम' या रकान्यात बाबांनी लिहिलं आहे: 'जुनं'.

२७

व्हीसीडी: ३५२ बाय २८८. एक नाटक, दोन डिस्क. पहिली डिस्क अंक संपताना संपत नाही, वाक्य संपताना संपते. कधी कधी तेही नाही. दोन्ही फाइलींच्या नावांपुढे 'सीडी१', 'सीडी२' लिहिलं की जेलीफिन त्यांना सलग एकच समजून चालवतो. तरीही सांधा येतो तिथे बाबा सवयीने उठतात.

२८

प्लेक्स काय, जेलीफिन काय, व्हीएलसी काय, आत व्हिडिओ उलगडायचं काम एफएफएमपेगच्याच कोडवर. ते २००० साली फाब्रीस बेलार या फ्रेंच माणसाने सुरू केलं. पुढे त्याने क्यूएमयू लिहिलं, ज्यावर व्हर्च्युअल मशीनचा मोठा कारभार उभा आहे.

२९

फाइल टीव्हीला जशीच्या तशी पचली तर सर्व्हरला काम नाही. तो नुसता वाढपी. पचत नसेल तर चालू सिनेमा त्याच क्षणी दुसऱ्या स्वरूपात करून द्यावा लागतो. हे प्रोसेसरवर टाकलं तर पंखा गावाला ऐकू जाईल. इंटेलच्या बऱ्याच चिपांमध्ये २०११ पासून 'क्विक सिंक' नावाचा वेगळा भाग याच कामासाठी असतो. पण कंटेनरला तो दिसत नाही, कारण कंटेनरला आपण दाखवू तेवढंच दिसतं. कम्पोज फाइलीत 'डीईव्ही/डीआरआय' हे उपकरण आत सोडायचं, 'रेंडर' गटाचा क्रमांक द्यायचा, मग जेलीफिनच्या सेटिंगमध्ये चालू करायचं. तिन्ही हवं. दोन करून थांबलं तर सिनेमा चालतोच, फक्त डबी तापते, आणि घरचे म्हणतात की बघ, चालतंय की.

रास्पबेरी पाय ५ स्वस्त आणि गोंडस आहे, पण त्यात एच.२६४ लिहिणारं हार्डवेअर नाही.

३०

सबटायटल अक्षरांत असेल तर टीव्ही स्वतः दाखवतो. ब्लू-रेमधलं सबटायटल चित्ररूपात असतं. ते टीव्हीला जमलं नाही तर सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ते छापून पाठवतो. म्हणजे बाबांनी एका संवादासाठी सबटायटल लावलं की सबंध सिनेमा नव्याने शिजतो.

देवनागरी सबटायटल छापताना चौकोन आले. कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. फॉन्टचं फोल्डर बाहेरून जोडलं. आता जोडाक्षरं येतात.

३१

टीव्हीच्या शोधाच्या कीबोर्डवर देवनागरी नाही. म्हणून प्रत्येक चित्रपटाचं 'मूळ नाव' रोमनमध्येही भरायचं. घरात 'झपाटलेला' दोन प्रकारे, 'अशी ही बनवाबनवी' चार प्रकारे लिहिली जाते.

३२

सर्व्हरचा पत्ता कालनिर्णयवर लिहिला आहे. १९२.१६८, मग बाकीचं, मग जेलीफिनचं पोर्ट, ८०९६. खाली: दूध २ लिटर जादा. त्याखाली: सिलेंडर लावला. महिना उलटला की आई पत्ता नव्या पानावर उतरवून घेते. दूध घेत नाही.

३३

"तुमच्या त्याच्यावर मालिका लागते का?" शेजारच्या काकू.

"नाही काकू. आपल्याकडे जे आहे तेच लागतं."

"ते तर पाहिलेलंच असतं ना रे."

३४

चित्रपटाच्या स्वामित्वहक्काची मुदत भारतात प्रदर्शनानंतरचं वर्ष उजाडल्यापासून साठ वर्षं. १९५३ चा चित्रपट २०१३ च्या अखेरीस मोकळा. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. व्हीसीडीला कुलूपच नव्हतं.

लग्नाच्या कॅसेटचा हक्क कुणाचा? कलम १७ म्हणतं, वेगळा करार नसेल तर ज्याने पैसे देऊन चित्रण करून घेतलं त्याचा, कॅमेरावाल्याचा नव्हे. म्हणजे आजोबांचा. वारस सात. अद्याप कुणी दावा केलेला नाही.

३५

एम्बी हे असंच सर्व्हरचं सॉफ्टवेअर आधी खुलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने कोड बंद केला. त्याच महिन्यात काहींनी शेवटचा खुला कोड घेऊन जेलीफिन काढलं. प्लेक्सचा आजीवन पास एप्रिल २०२५ अखेर ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ वर गेला. जेलीफिन फुकट आहे. फुकटात तक्रार कुणाकडे करायची, हा आमच्या घरात सोडवलेला प्रश्न आहे: माझ्याकडे.

३६

बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं तर घराला सार्वजनिक पत्ता हवा. बऱ्याच ब्रॉडबँड ग्राहकांना तो मिळत नाही. शेकडो घरांमागे एकच पत्ता असतो. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांच्यातलं काही दिसलं तर समजायचं की आपण या चाळीत आहोत. २०१२ साली हे आकडे खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. यावर उतारा म्हणून टेलस्केल नावाचं खासगी नेटवर्क घातलं. त्यानेही डबीला जो खासगी पत्ता दिला तो याच १००च्या मालिकेतला.

३७

न्यू जर्सीचे काका रात्री जेवून 'सिंहासन' लावतात तेव्हा इथे सकाळची पोळी-भाजी चालू असते. मिक्सर लागला की वीज क्षणभर झुकते. काकांचा फोन: "राज्यपालांकडे निघाले आणि अडकलं बघ." मिक्सर आता डबीच्या लाइनवर नाही.

३८

गणपतीत मखराच्या माळेला प्लग लागला. डबी दीड दिवस बंद. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मग वीज आली तेव्हा चारही कंटेनर आपणहून उठले. 'अनलेस स्टॉप्ड' असं लिहिलं की वीज गेली म्हणून रुसत नाहीत, आपण थांबवलं असेल तरच थांबतात. मात्र डबीने स्वतः उठावं यासाठी बायोसमध्ये वेगळं सांगून ठेवावं लागतं.

३९

इमिच चेहरे ओळखतं, तेही घरातल्या घरात, फोटो बाहेर न पाठवता. आजीचा मॅट्रिकचा फोटो आणि भाचीचा परवाचा सेल्फी त्याने एकाच माणसाच्या नावावर टाकले. वेगळं करायचं बटण आहे. आईने दाबू दिलं नाही.

४०

प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. रेड म्हणजे बॅकअप नव्हे: दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी यंत्रणा एकाच वेळी पुसतेही.

घराबाहेरची प्रत मामाकडे, सांगलीला. "खाली नको ठेवूस, मामा, वरच्या मजल्यावर ठेव." मामा म्हणाला, "२०१९ च्या पुरानंतर आम्ही खाली काहीच ठेवत नाही रे."

४१

सर्वाधिक पाहिलेलं: 'बनवाबनवी'. दुसरं: भाचीने मोबाइलवर घेतलेला, मांजर कपाटावरून पडतं तो, सोळा सेकंद. शेवटून पहिलं: आमचं लग्न.

४२

नवी आवृत्ती आली आहे. आधी 'कॉन्फिग' फोल्डरची प्रत, मग प्रतिमा ओढायची, मग 'अप'. रविवारी सकाळी नाही. सकाळी बाबांचं कीर्तन असतं.

४३

राहिलेलं: राउटरसाठी छोटा यूपीएस. मावशीकडच्या कॅसेटी (ती म्हणते दोन, मामी म्हणते सहा). मिनीडीव्हीच्या टेपा, तासाला १३ जीबी, कॅमेरा चालू होत नाही, कुणाकडे असेल तर विचारणे. 'पिंजरा' मराठी की हिंदी ते उघडून बघणे. धाकट्या काकांचा पासवर्ड.